भीम तोच, आख्यान नवं

आमच्या जामसंड्यात दशावतारी नाटक बघायला गेलात, तर पुढची जागा धरण्याआधी एकदा रंगपटात डोकावून या. तोंडाला रंग लावता लावता नटमंडळी कथा ऐकत असतात. कंपनीचा मालक किंवा एखादा जाणता नट सांगतो: आज अमुक आख्यान, तू भीम, हा तुझा वैरी, इथे तुमची गाठ पडते, इथे युद्ध, शेवटी देव प्रकट होतो. कागदावर लिहिलेली संहिता नाही. भीमाचं काम करणारा दोनतीन गोष्टी विचारून घेतो आणि आरशाकडे वळतो. मग पायपेटी आणि मृदंग सुरू झाला, की तोच माणूस बाकड्यासमोर उभा राहून स्वतःच्या मनाने बोलू लागतो. त्या रात्रीपुरती त्याची सगळी वाक्यं नवी असतात, पण भीम मात्र भीमच असतो. तो जरा कपटाने बोलू लागला, तर पुढे बसलेली म्हातारीसुद्धा म्हणेल, ‘ह्यो भीम न्हय.’

टीव्ही मालिकेतल्या महानायकावर कादंबरी लिहिणं हे नेमकं असंच काम आहे. इंग्रजीत अशा पुस्तकांना टाय-इन म्हणतात. नायक, त्याची शक्ती, त्याचं गाव, त्याचे वैरी हे सगळं दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. लेखकाने आणायचं ते आख्यान आणि बोलणं. देवगड-जामसंड्यातली, आणि अशाच छोट्या गावांतली, कितीतरी मुलं वहीच्या मागच्या पानांवर आवडत्या मालिकेच्या पुढच्या गोष्टी लिहीत असतात. त्यांना मोठी माणसं ‘नक्कल करू नको’ म्हणून गप्प करतात, हे मला पटत नाही. दशावतारातला पोरगा आधी जुन्याजाणत्यांचा भीम बघूनच भीम शिकतो. म्हणून हा लेख त्या वहीवाल्यांसाठी, आणि त्यांच्या शिक्षकांसाठीही.

आधी हे कळलं पाहिजे, की अशा पुस्तकांचे दोन प्रकार असतात. एकात पडद्यावर घडलेलीच कथा गद्यात पुन्हा सांगतात. दुसऱ्यात मालिकेतली माणसं घेऊन, पडद्यावर कधीच न आलेली नवी कथा लिहितात. पहिला प्रकार सरावाला बरा. पण खरा कस दुसऱ्यात लागतो, आणि मी इथे बोलणार आहे ते दुसऱ्याबद्दल.

परंपरा जुनी आहे. सुपरमॅन 1938 साली चित्रकथेत आला आणि 1940 साली रेडिओवर गेला. त्या नभोमालिकेसाठी लिहिणाऱ्या आणि तिचं निवेदन करणाऱ्या जॉर्ज लोथरने 1942 साली सुपरमॅनवरची पहिली कादंबरी लिहिली. तिची चित्रं काढली सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या जो शुस्टरने. नायकाच्या वडिलांचं जॉर-एल हे नाव आज आपण लिहितो त्या रूपात या कादंबरीतूनच रुळलं. सुपरमॅनला निर्बल करणारा क्रिप्टोनाइट हा दगड तर 1943 साली रेडिओवरच जन्मला. म्हणजे मूळ कथेवर बेतलेलं काम मूळ कथेलाच काहीतरी देऊन जातं. उसनवारीचा शिक्का मारणाऱ्यांना हे सांगायला हवं. पुढे 1966 साली बॅटमॅनची टीव्ही मालिका गाजली, तेव्हा त्याच वर्षी विन्स्टन लायन या टोपणनावाने बॅटमॅनच्या कादंबऱ्या निघाल्या. 2001 साली सुरू झालेल्या ‘स्मॉलव्हिल’ या मालिकेच्या कादंबऱ्या 2002 पासून येऊ लागल्या. अलीकडच्या ‘द फ्लॅश’, ‘अ‍ॅरो’, ‘सुपरगर्ल’ या मालिकांवरही कादंबऱ्या आल्या.

आपल्याकडे प्रवाह बहुतेक उलटा वाहिला. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ही सगळी आधी पुस्तकात होती, मग दूरदर्शनवर आली. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे मात्र लोथरच्या वाटेने गेला: आधी आकाशवाणीवर, मग पुस्तकांत, आणि 2009 साली चित्रपटात. बोक्याला उडता येत नाही. तरीही कानाने ऐकलेला मुलगा पानावर कसा उभा करावा, हे शिकायला त्याच्या पुस्तकांसारखी शाळा नाही. ‘शक्तिमान’ ही आपल्या महानायकाची टीव्ही मालिका 1997 ते 2005 इतकी वर्षं चालली, तिच्यावर डायमंड कॉमिक्सने चित्रकथा काढल्या. पण शक्तिमान ज्याच्या रूपात लपून राहतो, त्या पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या एवढ्या लांब नावाच्या भोळसट छायाचित्रकाराच्या मनात काय चाललेलं असतं, हे सांगणारी भरघोस मराठी कादंबरी आपल्या हातात आली नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर रात्री जागवणाऱ्या वाचकांच्या भाषेत ही जागा रिकामी राहावी, याची मला खंत वाटते.

आता कामाला लागू.

मालिकेचा एक भाग तीनदा बघा. पहिल्यांदा नुसता, घरच्यांबरोबर बसून. दुसऱ्यांदा आवाज बंद करून: कोण कोणाकडे बघतं, कोण बघायचं टाळतं, नायक एकटा असताना हाताचं काय करतो, ते टिपा. तिसऱ्यांदा डोळे मिटून: कोण वाक्य अर्धं सोडतं, कोण प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतं, कोणाचा कुठला शब्द सारखा येतो. तिसरं ऐकणं सगळ्यात कामाचं, कारण तुमच्या कादंबरीत चेहरा नसणार आहे, आवाजच असणार आहे.

मग एक वही करा. मालिकावाल्यांकडे अशी वही असतेच, तिला ते बायबल म्हणतात, आणि अधिकृत कादंबरी लिहिणाऱ्याला तिच्यातला मजकूर मिळतो. तुम्हाला ती स्वतःच करावी लागेल. नायकाला काय करता येतं यापेक्षा काय करता येत नाही ते आधी लिहा. त्याचं गुपित कोणाला ठाऊक आहे आणि कितव्या भागापासून, ते लिहा. ही एक नोंद चुकली की सगळी कादंबरी कोसळते. ज्या मैत्रिणीला चाळिसाव्या भागात गुपित कळलं, ती तुमच्या तिसाव्या भागाच्या काळात सहज त्याबद्दल बोलून गेली, तर मालिकेचा चाहता पुस्तक तिथेच मिटतो.

यानंतरची अडचण सगळ्यात मोठी आहे. मालिकेतलं काहीही मोठं तुम्हाला मोडता येत नाही. नायकाचं लग्न लावता येत नाही, आई मारता येत नाही, खलनायकाचा कायमचा निकाल लावता येत नाही. सकाळी दहीकाला झाला, की दशावतारातली सगळी सोंगं पेटाऱ्यात परत जातात आणि दुसऱ्या गावच्या जत्रेत त्यांना पुन्हा तसंच उभं राहायचं असतं. तसंच हे. मग वाचकाने काळजी का करावी, शेवटी सगळं जागच्या जागीच येणार ना? याचं उत्तर ‘फट शोधा’ हे आहे. ‘द फ्लॅश: द हॉन्टिंग ऑफ बॅरी अ‍ॅलन’ या 2016 सालच्या कादंबरीत सुझन आणि क्ले ग्रिफिथ यांनी मालिकेच्या भागांमधली जागा धरली, आणि तिथे नायकासमोर त्याचंच भविष्यातलं रूप भुतासारखं उभं केलं. ती कथा त्यांनी अ‍ॅरोवरच्या पुढच्या कादंबरीत नेली, म्हणजे एक आख्यान दोन नायकांत वाटून घेतलं. बॅरी लिगाने फ्लॅशवरच्याच 2017 सालच्या ‘हॉकस पोकस’मध्ये वेगळी युक्ती केली. मालिकेत नायक भूतकाळ बदलतो आणि त्यातून मोठा गोंधळ होतो. लिगाने तो बदल घडलाच नाही असा काळ गृहीत धरला. मालिकेशी भांडण नाही आणि हात मोकळे. मला स्वतःला पहिली वाट अधिक आवडते. दोन भागांमधल्या एखाद्या आठवड्यात काय घडलं असेल, हा प्रश्न पोरासोरांनाही सुचतो आणि त्याला उत्तर देताना नवा काळ रचावा लागत नाही.

दुसरी फट म्हणजे बाजूची माणसं. नायकाला मरता येत नसेल, पण त्याच्या कार्यालयातल्या शिपायाची मुलगी आजारी पडू शकते. नायक बदलू शकत नसेल, पण ज्याला त्याने वाचवलं तो बदलू शकतो. कादंबरीचं खरं नुकसान आणि खरा लाभ अशा माणसांच्या वाट्याला द्या.

आणि आता गद्याचं काम. इथे मी जरा थांबणार आहे, कारण निम्म्याहून अधिक वह्या इथेच फसतात. सरावासाठी आपण आपलीच एक नायिका घेऊ. नाव झंझा. राहते जामसंड्यात, वडिलांची हापूसची बाग, आणि तिला वारा थांबवता येतो. पडद्यावर दहा सेकंदांचं दृश्य आहे: मे महिन्याची रात्र, वादळ, बाग. झंझा दोन्ही हात वर करते, वारा थांबतो, आंबे झाडावर शाबूत. मुलं हे असं लिहितात:

‘झंझाने दोन्ही हात वर केले. तिच्या बोटांतून निळा प्रकाश सळसळला. सोंसों करणारा वारा एका क्षणात थांबला. सगळीकडे शांतता पसरली.’

यात चूक काही नाही, पण हे पडद्याचं वर्णन झालं. पडद्यावर तो निळा प्रकाश करायला पैसे आणि माणसं लागतात, म्हणून तो बघताना आपण थक्क होतो. कागदावर निळा प्रकाश फुकट मिळतो, म्हणून त्याने कोणी थक्क होत नाही. आता हे वाचा:

‘वारा थांबवायचा म्हणजे तो कुठेतरी ठेवावा लागतो, हे पहिल्या वर्षी तिला कळलं नव्हतं. आता ती छातीत ठेवायची. खाली पडवीत बाबा कंदील धरून उभे होते. चार दिवसांनी पेट्या भरायच्या होत्या. वारा पडलेला बघून त्यांनी दिर्बादेवीच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले. तिला हाक मारावीशी वाटली. पण तोंड उघडलं असतं तर समोरच्या कलमावर एक आंबा राहिला नसता. ती ओठ दाबून उभी राहिली आणि बाबा घरात जाईपर्यंत मोजत राहिली.’

काय बदललं ते बघा. शक्तीला किंमत आली. वारा नाहीसा होत नाही, तो तिच्या अंगात जातो. तिने केलेल्या कामाचं श्रेय दुसरीकडे जातं आणि ते तिला बोलून दाखवता येत नाही. पेट्या, कलम, कंदील यांनी जागा उभी राहिली, तिचं वेगळं वर्णन करावं लागलं नाही. आणि यातली एकही गोष्ट कॅमेऱ्याला सहज दाखवता आली नसती. मालिकेवरच्या कादंबरीने वाचकाला हेच द्यायचं असतं. जे बघून झालं आहे तेच शब्दांत पुन्हा दाखवायला कोणी पुस्तक हातात घेत नाही.

हीच कसोटी शक्तिमानला लावून बघा. पडद्यावर गंगाधरचे पुढे आलेले दात आणि चष्मा बघून आपण हसतो. पानावर दात दिसत नाहीत. तिथे लिहायचं ते हे: अख्खं शहर वाचवून आलेला माणूस कार्यालयात सगळ्यांची टिंगल ऐकून घेतो, ती त्याला लागते का? लागत असेल तर तो काय करतो? पाचदहा ओळींत याचं उत्तर देऊन बघा. ज्याला ते जमलं त्याला कादंबरी जमेल.

मारामारी थोडक्यात लिहा. चार पानांचं युद्ध वाचताना कोण कुठे पडलं हेच कळेनासं होतं. एका युद्धात नायकाने एकच निर्णय घ्यायचा, आणि वाचकाला तो लक्षात राहायला हवा. खलनायकाला मात्र भरपूर बोलू द्या. दशावतारात खलपार्ट करणारा नट कसलेला लागतो, कारण त्याचं म्हणणं क्षणभर खरं वाटलं नाही तर राजपार्टाला काही कामच उरत नाही. ‘शक्तिमान’मधल्या तमराज किल्विषसारखा ठरलेलं एकच वाक्य घोषणेसारखं म्हणणारा खलनायक पडद्यावर चालतो, पानावर ते वाक्य एकदा आलं की पुरे.

भाषेचंही उत्तर आपल्या जत्रेतच आहे. राजा भारदस्त प्रमाण मराठीत बोलतो आणि काळ्या कपड्यांतला संकासुर मालवणीत. प्रेक्षकाला दोन्ही तितकीच खरी वाटतात. तुमचा नायक जगाशी एका भाषेत आणि घरी आईशी दुसऱ्या भाषेत बोलू शकतो. ज्याचं आयुष्य दोन रूपांत वाटलं गेलं आहे, त्याच्याबाबतीत तर हा फरक कथेचाच भाग होतो. फक्त हिंदी संवाद मनातल्या मनात उलथून मराठीत ओतू नका. ‘मी तुला सोडणार नाही’ हे वाक्य प्रत्येक वहीत असतं. आपल्याकडचा संतापलेला माणूस खरंच काय म्हणतो ते मच्छी लिलावात, एसटी स्टँडवर कान देऊन ऐका.

आता कायद्याचं, कारण इथे गोड बोलून चालत नाही. स्वतःच्या वहीत, सरावासाठी, कोणत्याही नायकावर लिहा. पण ते छापून विकायचं असेल, तर त्या पात्राच्या मालकाची लेखी परवानगी लागते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने कृतीचं रूपांतर करण्याचा आणि भाषांतर करण्याचा हक्क मालकाकडे ठेवला आहे. म्हणजे इंग्रजी टाय-इन कादंबरीचा मराठी अनुवादही परवानगीशिवाय छापता येत नाही. ‘नाव बदललं की झालं’ हा सल्ला देणारे गावोगाव भेटतात, त्यांचं ऐकू नका. राज कॉमिक्सच्या नागराजसारखाच नागेश नावाचा नायक दुसऱ्या प्रकाशकाने आणला. नावात, रूपात आणि शक्तींत इतकं साम्य होतं, की 1997 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानेही ‘दबंग’ चित्रपटातल्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात, वेगळेपण असलेल्या पात्राला संरक्षण मिळू शकतं हे तत्त्व मान्य केलं. भीम, हनुमान, घटोत्कच ही पात्रं मात्र कोणाच्या मालकीची नाहीत. त्यांच्यावर हवं ते आख्यान रचा. अमुक मालिकेने त्यांना दिलेला विशिष्ट वेष आणि तिने रचलेले संवाद तेवढे उचलू नका.

उद्या खरंच एखाद्या निर्मात्याने ‘आमच्या मालिकेवर पुस्तक लिहा’ म्हटलं, तर आनंदाच्या भरात तोंडी होकार देऊ नका. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. अशा कामात हक्क बहुधा निर्मात्याकडेच जातात, ते समजून उमजून द्या. पण मुखपृष्ठावर तुमचं नाव, प्रत्येक आवृत्तीचं मानधन, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तकाचा वाटा, आणि मालिका दुसऱ्या कंपनीने विकत घेतली तर तुमच्या मानधनाची जबाबदारी कोणाची, हे चार मुद्दे कागदावर आणाच. शेवटचा मुद्दा काल्पनिक नाही. ‘स्टार वॉर्स’ आणि ‘एलियन’ यांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या अ‍ॅलन डीन फॉस्टरसारख्या नावाजलेल्या लेखकाला, त्या चित्रपटांची मालकी बदलल्यावर आपलं मानधन थांबल्याची तक्रार 2020 साली जाहीरपणे करावी लागली. करारातला शब्द कळला नाही, तर देवगडच्या कोर्टात बसणाऱ्या वकिलाला आधी दाखवा. ती फी वाया जात नाही.

तोवर काय करायचं? एकदम कादंबरीला हात घालू नका. आवडत्या मालिकेतल्या एका बाजूच्या माणसावर दहाबारा पानांची गोष्ट लिहा. ती जमली की त्याच पद्धतीने स्वतःचा नायक घडवा: त्याला एकच शक्ती द्या, तिची एक किंमत ठरवा, आणि आपल्या ओळखीचं गाव द्या. कातळ, खाडी, बंदर, पवनचक्क्या, विजयदुर्गाची तटबंदी हे सगळं तुमच्या दारात पडलेलं आहे. न्यूयॉर्कच्या उंच इमारती कशाला हव्यात? शिक्षकांना विनंती, की शाळेच्या हस्तलिखितात यंदा अशा गोष्टींसाठी चार पानं ठेवा. आणि गोष्ट पूर्णपणे तुमची स्वतःची असेल, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाकडे पाठवायला संकोचू नका. 1971 पासून ते मराठी मुलांसाठी निघतं आहे.

पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. गोष्ट घरातल्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. तिने ती मालिका पाहिलेली नसावी. तुमच्या नायकाचं नावही तिला ठाऊक नसावं. वाचताना मध्ये काही समजावून सांगू नका. तिने दोनदा ‘ह्यो कोण?’ विचारलं तर तेवढ्या जागा दुरुस्त करा. आणि तुम्ही पाणी प्यायला थांबलात, तेव्हा तिने ‘मगे काय झाला?’ असं विचारलं, तर दुसरं प्रकरण लिहायला घ्या.